ऑर्डरमधला एक शब्द

नाशिकरोड,
२४ जून २०२५

ताई,

पाया पडतो. तू माझं तोंड बघायला तयार नाहीस असं आई म्हणते. पण पत्र वाचायला तोंड बघावं लागत नाही, म्हणून लिहितोय. जेलमधून पत्र बाहेर जाण्याआधी इथले साहेब ते वाचतात, तेव्हा कुणाला शिव्या देणार नाही. तेवढी अक्कल या दोन महिन्यांत आली आहे.

शुक्रवारी माझा जामीन नाकारला. वकील ऑर्डरची झेरॉक्स देऊन गेला. सहा पानं इंग्रजी. मला झेपलं तेवढं वाचलं, म्हणजे शेवटची ओळ. पण पाचव्या पानावर एका शब्दाखाली वकिलाने पेनाने दोन रेघा मारल्यात. व्होलाटाइल. म्हणतो, सगळं घोडं इथे अडलं. अर्थ विचारला तर म्हणाला, "तापट रे, तापट." आता तापट तर ओझरपासून वणीपर्यंत निम्मे लोक असतील. सगळ्यांना आत घालणार का?

गंमत म्हणजे शब्द माझ्या ओळखीचा आहे. गॅरेजमध्ये थिनरच्या डब्यावर लाल अक्षरात असायचा. दहा वर्षं गाड्या रंगवल्या, रोज डोळ्यांसमोर. मी समजायचो, पेट घेणारं काहीतरी. मग तो माझ्या नावापुढे कसा आला? मी काय डबा आहे?

तू येवल्यात शंभर पोरांना इंग्रजी शिकवतेस, भावाला एक शब्द शिकव. नीट अर्थ सांग आणि वाक्यात उपयोग करून दाखव. पुढच्या अर्जाच्या वेळी मला सांगता आलं पाहिजे की हा शब्द मला लागू होत नाही.

तेजूला पापा. दाजींचं कसं आहे ते लिही. नाही लिहिलंस तरी समजून घेईन.

तुझा
महेश


येवला,
२ जुलै २०२५

महेश,

तुझं पत्र तीन दिवस पिठाच्या डब्यावर पडून होतं. आज उघडलं.

दाजींचं विचारलंस, ते आधी. उजव्या हाताची दोन ऑपरेशनं झाली. तीन बोटं वळत नाहीत, यापुढेही वळणार नाहीत. कपाळाच्या वर हाडात धातूची पट्टी बसवली आहे, तिथे केस येणार नाहीत. पदरातला मोर विणायचा तर एकेक रेशमी धागा बोटाच्या टोकाने उचलावा लागतो. यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी मागावर बसलं नव्हतं. शेतकऱ्याचा मुलगा विसाव्या वर्षी शिकून विणकर झाला, म्हणून त्यांना स्वतःच्या हाताचा फार अभिमान होता. आता मागाशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि दुसऱ्याला सांगतात, हा धागा घे, तो सोड. त्या दिवशी मागावर होती ती पैठणी रक्ताने भिजली होती. ती कापून काढावी लागली. कात्री मीच चालवली.

आता तुझा शब्द.

वकिलाने सांगितलेला अर्थ अर्धाच आहे. व्होलाटाइलचा मूळ अर्थ उडून जाणारं. थिनरचं झाकण उघडं राहिलं की ते बसल्या जागी हवेत निघून जातं, म्हणून डब्यावर तो शब्द असतो. पेट घेणं ही पुढची गोष्ट, तिला वेगळा शब्द आहे. पोरं याची नेहमी अनस्टेबलशी गल्लत करतात. अनस्टेबल म्हणजे डळमळीत. एक पाय आखूड असलेलं टेबल रोज हलतं, घरात सगळ्यांना ठाऊक असतं, त्यावर कुणी तापलेली कढई ठेवत नाही. व्होलाटाइलचं तसं नाही. ते शांत असतं तेव्हा खरोखरच शांत असतं. फक्त कधी बदलेल ते सांगता येत नाही, आणि बदलायला फार लहान कारण पुरतं.

उपयोग: हा शब्द बाजारभावाला लावतात, गावातल्या वातावरणाला लावतात आणि माणसाच्या स्वभावालाही लावतात. वाक्यं लिहून घे.

एक, लासलगावला कांद्याचा भाव व्होलाटाइल आहे.
दोन, मिरवणुकीवर दगड आल्यापासून गावातली परिस्थिती व्होलाटाइल आहे.
तीन, आपले अण्णा व्होलाटाइल होते.

तिसरं तुला समजावून सांगायची गरज नाही.

हर्षाली


नाशिकरोड,
९ जुलै २०२५

ताई,

नावाने सही केलीस. आजवर "तुझी ताई" लिहायचीस. असो.

तिसऱ्या वाक्यावर दोन दिवस बसून होतो. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून अण्णांनी पितळी तांब्या आईच्या डोक्यात घातला होता, आठवतं? तू तिच्या जखमेत हळद भरत होतीस आणि मी जमिनीवरचं रक्त पोत्याने पुसत होतो. आणि तेच अण्णा दुसऱ्या दिवशी आपल्याला वणीला घेऊन गेले. मला खांद्यावर, तुला हाताला धरून. गडाच्या पायऱ्या चढताना गाणी म्हणत होते. मी तेव्हा ठरवलं होतं की मोठा झाल्यावर असं व्हायचं नाही. आणि झालो नाही. अण्णा कारण नसताना मारायचे. मी कारणाशिवाय कुणाला बोट लावलेलं नाही. माझं चौथं वाक्य लिहून घे: महेश व्होलाटाइल नाही.

आणि कारण किती मोठं होतं ते तुलाच ठाऊक. आखाजीचा आदला दिवस. मी मुराळी म्हणून आलो होतो, ताई. लग्न झालेल्या बहिणीला सणाला माहेरी न्यायला भाऊ दारात उभा राहतो, त्याला मोकळ्या हाताने परत पाठवलेलं आपल्याकडे कुणी ऐकलंय? मळ्यात निंबाला झोका बांधून आलो होतो. आईने पुरणाची डाळ निवडून ठेवली होती. दाजी मागावर बसले होते. म्हटलं, "दाजी, ताईला न्यायला आलोय, पिशवी भर म्हणावं तिला." त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. धोटा इकडून तिकडे फिरवत म्हणाले, "यंदा नाय पाठवत."

"का पण?"

"नाय पाठवत म्हंजे नाय पाठवत. माझं घर हाय."

तू आतल्या दारात उभी होतीस. मान खाली. एक शब्द बोलली नाहीस. ते बघितलं आणि मला कळलं की या घरात तुझ्यावर काय चाललंय. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. गाडीतून चाक खोलायची लोखंडी टॉमी आणली ते आठवतं. त्यांना कॉलरला धरून मागाच्या खड्ड्यातून वर ओढलं ते आठवतं. त्यांनी तोल सावरायला मागाच्या दांड्यावर हात टेकला आणि मी त्या हातावर टॉमी घातली. एकदा, मग परत एकदा. तिसरी डोक्यात बसली. आवाज आठवतो, तो काही जात नाही.

पण त्यांना उचलून गाडीत घातलं कोणी? मीच. दवाखान्यापर्यंत एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने त्यांचं डोकं दाबून धरलं होतं. पोलीस आले तेव्हा मी पळालो नव्हतो, दवाखान्याच्या पायरीवर रडत बसलो होतो. हे तुमच्या शब्दात कुठे बसतं?

महेश


येवला,
१८ जुलै २०२५

महेश,

हे सगळं त्या शब्दात अगदी बरोबर बसतं. तू आपणहून इतकं चांगलं उदाहरण दिलंस की वर्गात असतास तर दहापैकी दहा दिले असते.

अण्णांकडे कारण नव्हतं असं तुला वाटतं. मी तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मी त्यांची सगळी कारणं ऐकली आहेत. मीठ जास्त झालं. सासऱ्यासमोर पदर खांद्यावरून घसरला. बैल उशिरा सोडले. मारताना आणि मारून झाल्यावर ते कारण सांगायचे, आणि ते त्यांना खरंच पुरेसं वाटायचं. तांब्या घातल्यावर त्यांनीच आईला सायकलवर बसवून डॉक्टरकडे नेलं होतं. ते तू विसरलास, मी विसरले नाही.

तुझं चौथं वाक्य व्याकरणाने बिनचूक आहे.

त्या दिवशी माझ्यावर या घरात काय चाललंय ते तुला कळलं, असं तू लिहितोस. तुला ते कळलेलं नाही. यांनी नऊ वर्षांत माझ्यावर आवाजही चढवलेला नाही. मी मान खाली का घातली होती ते मला माहीत आहे, पण आज लिहिण्याचं धाडस होत नाही. तुझी पत्रं आधी दुसरे लोक वाचतात आणि ही गोष्ट आपल्या घरातली आहे.

जेवण नीट जेवत जा. आई म्हणाली, वाळलास.

हर्षाली


नाशिकरोड,
३० जुलै २०२५

ताई,

आमच्या बराकीत यादवमामा म्हणून आहेत, बँकेत साहेब होते. त्यांच्याकडून ऑर्डरचं पाचवं पान शब्दाशब्दाने वाचून घेतलं. तिथे लिहिलंय की साक्षीदार, जी अर्जदाराची सख्खी बहीण आहे, तिच्या जबाबावरून अर्जदाराचा स्वभाव व्होलाटाइल दिसतो.

सख्खी बहीण मला एकच आहे.

मी तुला शब्दाचा अर्थ विचारत होतो आणि तू मला कांद्याचे भाव सांगत होतीस! शब्द तूच दिलास का त्यांना? खरं सांग. मला राग आलेला नाही. मी शांत बसून लिहितोय.

तू दबावाखाली होतीस हे मी समजू शकतो. नवरा दवाखान्यात, सासरचे चारी बाजूंनी उभे, पोलिसांनी विचारलं ते बोलून गेली असशील. अजून वेळ गेलेली नाही. वकील म्हणतो की तू प्रतिज्ञापत्र करून दे. दोन गोष्टी लिहायच्या. एक, भाऊ शांत स्वभावाचा आहे आणि आधीचा जबाब घाबरून दिला होता. दोन, दाजी तुला त्रास द्यायचे आणि माहेरी पाठवत नव्हते. एवढ्यावर जामीन होतो, कारण बहिणीने सांगितल्यावर कोर्टाला ऐकावंच लागतं. पुढची तारीख आठ सप्टेंबर. कागद तयार आहे, आई घेऊन येईल, तू सही कर.

ताई, इथे चाळीस माणसांच्या जागेत किती कोंबलेत ते लिहीत नाही. मला बाहेर काढणं तुझ्या हातात आहे.

महेश


नाशिकरोड,
२१ ऑगस्ट २०२५

ताई,

राखी आली नाही. पोस्टाचा घोळ असेल म्हणून दहा दिवस थांबलो. आई म्हणते, कागद तू ठेवून घेतलास पण सही केली नाहीस.

इथे काळू म्हणून एक आहे. त्याच्या मनगटावर सात राख्या. मला म्हणाला, "तुला बहीण नाय का रे?" मी त्याचं डोकं नळाच्या तोटीवर आपटलं. पाच टाके पडले. मग मीच माझा टॉवेल फाडून त्याला बांधला. आता आम्ही एकाच ताटात जेवतो. वकील म्हणतो, हे कुणाला सांगू नकोस. पण तुझ्यापासून मी कधी काही लपवलेलं नाही.

तू लपवतेस. काय ते लिही. वाचणारे वाचू देत.

महेश


येवला,
१ सप्टेंबर २०२५

महेश,

लिहिते. वाचणाऱ्या साहेबांनाही माझा नमस्कार, त्यांनीही वाचावं.

शब्द मी दिला नाही. पोलिसांनी मराठीत विचारलं आणि मी मराठीत सांगितलं, "साहेब, माझा भाऊ जिवाला जीव देणारा आहे, पण तो कधी भडकेल ते सांगता येत नाही, आणि भडकला की समोर कोण आहे ते त्याला दिसत नाही." न्यायाधीशांनी एवढ्या लांब वाक्यासाठी एक इंग्रजी शब्द वापरला. मला शोधायला सांगितला असता तर मीही तोच शोधला असता. दबाव कुणाचा नव्हता. मी बोलत होते तेव्हा माझ्या परकरापर्यंत यांचं रक्त लागलेलं होतं, एवढंच.

आता मान खाली का घातली होती ते.

मागच्या आखाजीला, चोवीस साली, मी आणि तेजू मळ्यात आलो होतो. तू गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलची टाकी नव्याने रंगवून उन्हात ठेवली होतीस. मोरपंखी रंग. तेजू पाच वर्षांची होती. झोक्यावरून उतरली आणि ओल्या रंगावर तिने पाचही बोटं उठवली. तू हसलास. मी पाहिलं, आधी तू हसलास. मग टाकीवरचा ठसा नीट बघितलास आणि तुझा चेहरा बदलला. तू तिला एका दंडाला धरून उचललंस, विहिरीपर्यंत नेलंस आणि कठड्याच्या पलीकडे लोंबकळत धरलंस. खाली पंचेचाळीस फुटांवर पाणी. तू विचारत होतास, "लावशील परत हात? लावशील?" तिच्या तोंडातून आवाज निघत नव्हता. मी धावत आले, पण तुझ्या जवळ आले नाही, कारण मला वाटलं की मी तुला हात लावला तर तू तिला सोडशील. मी चार पावलांवर हात जोडून उभी राहिले. आईच्या डोक्यात तांब्या बसला तेव्हा मी अशीच उभी होते.

तू तिला परत आत घेतलंस. दहा मिनिटांनी गाडीवर पुढे बसवून ओझरला कुल्फी खायला घेऊन गेलास. दोघं गाणी म्हणत परत आलात.

ती अजून अंथरूण ओलं करते. बादलीत डोकावत नाही.

हे मी फक्त यांना सांगितलं. या वर्षी आखाजी जवळ आली तशी तेजू विचारायला लागली, "मामा येणार?" मी यांना म्हटलं, मला जायचं नाही. हे म्हणाले, "मग महेशला खरं सांगू. बस म्हणू समोर, सांगू." मी हातापाया पडले. म्हटलं, सांगू नका, त्याला फार लागेल, मुराळी म्हणून येणाऱ्या भावाला बहीणच नको म्हणते असं त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? यांनी हातातला धोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "मग मीच नाय म्हणतो. जावई वाईट ठरला तर चालतं, बहीण वाईट नको ठरायला."

"माझं घर हाय" हे वाक्य त्यांनी आदल्या दिवशी माझ्यासमोर दोनदा म्हणून बघितलं होतं. त्यांना असं बोलायची सवय नाही.

तू ज्याचा हात ठेचलास तो माणूस तुझा मान राखत होता. आणि त्याला वाईट व्हायला मी सांगितलं होतं. तू मारत होतास तेव्हाही मला ओरडून सांगता आलं असतं की महेश, नाही मी म्हणाले. पण तोंडातून आवाज निघाला नाही. ते माझ्याकडून झालं आणि ते मी कधी विसरणार नाही.

कागदावर मी सही करू शकत नाही. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

हर्षाली


८ सप्टेंबर २०२५

हर्षाली,

तारखेला कोर्टात आणलंय. वकिलाचा कागद घेऊन बाकावर बसून लिहितोय, आईच्या हाती देतो. हे कुणी वाचणार नाही, तू वाच.

तू सही केली नाहीस. तारीख गेली, पंधरा ऑक्टोबर पडली. म्हणजे मी तुझ्या नवऱ्याला मारलं तुझ्यासाठी, आणि तू चार महिने मजा बघितलीस. पोरीची गोष्ट रचलीस. मी माझ्या भाचीला विहिरीवर धरीन? जीभ कशी झडली नाही तुझी? नवरा तर भला निघाला, वा! मान राखत होता म्हणे. त्या भल्या माणसाचा दुसरा हात अजून शाबूत आहे ना? टॉमी तिसऱ्यांदा डोक्यात घातली तेव्हा तू मधे पडलीस आणि चौथी राहिली. ती राहिलेली माझ्या डोक्यात रोज वाजते. मी आयुष्यभर आत राहणार नाही. सुटलो की मळ्यात जाणार नाही, आधी तुझ्या दारात येईन. मग नीट विचार मला शब्दाचा अर्थ. वाक्यात उपयोग करून दाखवीन.

म


नाशिकरोड,
९ सप्टेंबर २०२५

ताई गं,

काल आईच्या हाती दिलेलं पत्र पोचलं असेल तर उघडू नकोस. चुलीत घाल. उघडलं असशील तर मी ते लिहिलं नाही असं समज. मी लिहिलं, पण मी नव्हतो. वकिलाने तारीख सांगितली आणि डोळ्यांपुढे काही दिसेना. परत आलो आणि सकाळी तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं, तेव्हा दाजी "माझं घर हाय" म्हणायची तालीम करताना दिसले. मी हुंदके देऊन रडलो, काळूने पाणी पाजलं.

ताई, विहिरीचं मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. टाकीवरची बोटं आठवतात. मग एकदम कुल्फी आठवते, तिने माझ्या शर्टाला तोंड पुसलं होतं. मधलं काही नाही. मी आठवायचा फार प्रयत्न केला. मला त्याचीच भीती वाटायला लागली आहे.

तेजूसाठी मोर काढून पाठवतोय, रंग नाहीत, पेनाचाच आहे. दाजींचे पाय धरतो. सही करू नकोस. किंवा तुला वाटलं तर कर. मला इथून काढ गं ताई.

तुझाच
महेश


येवला,
१७ ऑक्टोबर २०२५

प्रिय महेश,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. दुपारी आई बसने आली. लिंबाचं लोणचं, तेजूला फ्रॉक आणि पोलक्यात जपून ठेवलेला तुझा कागद. तिने तो माझ्या हातावर असा ठेवला की जणू प्रसादच आणला आहे. तेवढ्यात पोस्टमनने दुसरं टाकलं. आधी तुझं आईने आणलेलं वाचलं. आई समोर पाय पसरून बसली होती. तिला वाचता येत नाही हे देवाचे उपकार. ती म्हणाली, "काय लिवतो गं माझा लेक? मोठ्यानं वाच ना." मी तो कागद मांडीखाली सरकवला, पोस्टाचं फोडलं आणि तेच मोठ्याने वाचलं. आई रडली. म्हणाली, "बघ, किती मायाळू हाय. तू उगा भितीस त्याला."

ती गेल्यावर मी दोन्ही कागद यांच्यापुढे ठेवले. यांनी आठ तारखेचं वाचलं, नऊचं वाचलं, मग डाव्या हाताने दोन्हींची घडी घातली. अजून त्यांना डाव्या हाताने नीट घडी जमत नाही. म्हणाले, "तुझा भाऊ, तू ठरव. जो कागद द्यायचा तो दे."

महिनाभर मी रोज ठरवलं आणि रोज मोडलं. सरकारी वकिलांना आठ तारखेचं पत्र पुरलं असतं. तुझा वकील येऊन गेला, त्याला फक्त नऊचं हवं होतं. म्हणाला, मॅडम, यात पश्चात्ताप आहे, लगेच काम होईल. दोघांनाही माझा भाऊ अर्धाच हवा होता. आणि मीही आजवर तेच केलं. तुझ्या माघारी मी भीतीने रडायचे आणि तू समोर आलास की तुझा आवडता खमंग शिरा करायचे. विहिरीच्या दिवशीही मी कुल्फी खाल्ली, महेश. तू माझ्यासाठीही आणली होतीस आणि ती मी तुझ्याशेजारी बसून खाल्ली. तेव्हाच तुला बोलले असते तर यांची बोटं आज शाबूत असती की नाही, मला माहीत नाही. पण मी बोलले नाही.

परवा कोर्टात मी दोन्ही पत्रं एकाला एक टाचून दिली. न्यायाधीशांनी विचारलं, यातलं कोणतं खरं मानायचं? मी म्हटलं, "साहेब, दोन्ही. दोन्ही त्यानेच लिहिली आणि दोन्ही मनापासून लिहिली. म्हणूनच त्याला सोडू नका. आणि म्हणूनच त्याला डॉक्टरला दाखवा. आमच्या वडलांना कुणी दाखवलं नाही." त्यांनी जामीन नाकारला आणि तुझ्या तपासणीचा आदेश दिला. तू पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होतास. मी या वेळी मान खाली घातली नाही. तुझ्या डोळ्यांत काय होतं ते मला ओळखता आलं नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. म्हणते, भावाला आत टाकणारी बहीण मी जन्माला घातली. तिने स्वतः आणलेला कागद मी तिला वाचून दाखवलेला नाही आणि दाखवणार नाही. ते ओझं माझं.

तुझा मोर तेजूला दिला. तिने त्यात रंग भरले. कुणी काढला ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

भाऊबीज तेवीस तारखेला आहे. भेटीचा अर्ज भरून ठेवला आहे. तेजूला आणणार नाही. इतक्या वर्षांत तुझ्यासमोर बसून पोटातलं बोलायची माझी हिंमत झाली नाही, या वेळी बोलणार आहे. ताट आत नेऊ देतील की नाही ठाऊक नाही, नाही दिलं तर नुसत्या हाताने ओवाळीन. तू रागाने उठून गेलास तरी मी वेळ संपेपर्यंत बसून राहीन. माझा तुझ्यावर जीव आहे, महेश, आणि मला तुझी भीती वाटते. आपल्या दोघांच्या मधे काच असणार आहे, म्हणूनच मी येते आहे.

तुझी
ताई